सूचनापेटी आपली, किल्ली कुणाची?

कोणत्याही सरकारी कार्यालयात जा. जिन्याजवळ किंवा बारनिशीच्या खिडकीशेजारी एक पेटी टांगलेली दिसते. तिच्यावर लिहिलेले असते, 'तक्रार व सूचना पेटी'. पेटीला वर फट असते आणि पुढे कुलूप असते. कागद टाकण्याचा अधिकार सर्वांना आहे, किल्ली मात्र एकाच्याच खिशात आहे. पेटी कधी उघडली, कागद कुणी वाचला, त्यावर काय शेरा मारला, हे टाकणाऱ्याला कधीच कळत नाही. वीस वर्षांच्या वकिलीत आणि चळवळीच्या कामात अशा पेट्यांशी माझा बराच संबंध आला. आज मात्र एका वेगळ्या पेटीविषयी लिहायचे आहे. ती आपल्या टेबलावरच्या संगणकात बसवलेली आहे.

काही वाचक म्हणतील, वकीलसाहेबांना आज हे काय सुचले? संगणक हा इंजिनिअर मंडळींचा विषय. पण जरा विचार करा. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर, जात पडताळणीचा अर्ज संगणकावर, सातबारा संगणकावर, न्यायालयात दाखल करायची याचिकासुद्धा आता संगणकावर. या सगळ्याच्या खाली एक पाया असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. यंत्र सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत कुठले बटण कुठे असावे, कुठली लिपी दिसावी, आपली कुठली माहिती बाहेर जावी, हे सगळे हा पाया ठरवतो. म्हणजे तो एक प्रकारचा कायदाच झाला. फरक एवढाच की विधिमंडळाने केलेल्या कायद्याला आपण अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात आव्हान देऊ शकतो. संगणकातल्या या कायद्याविरुद्ध अशी याचिका लागत नाही. तिथे फक्त सूचना करता येते. मग त्या सूचनेचे होते काय, हे पाहणे आपले काम आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स या प्रणालीचा गाभा लिहिला. त्यावर आधारलेली, सामान्य माणसाला वापरता येईल अशी प्रणाली करावी म्हणून दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांनी कॅनॉनिकल ही कंपनी काढली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती बाहेर आली. 'उबुंटू' हा दक्षिण आफ्रिकेतल्या लोकभाषांमधला शब्द. माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो, असा त्याचा आशय. ज्या देशातली वर्णभेदाची राजवट १९९४ साली संपली, त्या देशातून दहा वर्षांनी हे नाव घेऊन एक प्रणाली जगापुढे आली, ही गोष्ट आमच्यासारख्यांना तेव्हा फार भावली होती.

तिची सीडी फुकट मिळत असे. नाव-पत्ता कळवला की परदेशातून टपालाने घरी येई, टपालखर्चसुद्धा कंपनीचाच. ही योजना २००५ ते २०११ पर्यंत चालली. ज्युनिअर म्हणून काम करत असताना मीही ती मागवली होती. पोस्टमनने हातात दिलेले ते पाकीट आम्ही चार मित्रांनी मिळून फोडले. एका मित्राने विचारले, "फुकट देतात म्हणजे यात त्यांचा काय फायदा?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पुढे काही वर्षांनी मिळाले, ते पुढे येईलच.

या प्रणालीत दोष आढळला तर तो जाहीर नोंदवहीत लिहायचा आणि त्याला क्रमांक मिळायचा, अशी पद्धत होती. आपल्याकडे आवक क्रमांक मिळतो तसाच, पण नोंदवही साऱ्या जगाला वाचायला खुली. त्या वहीतली क्रमांक १ ची तक्रार खुद्द शटलवर्थ यांनी २० ऑगस्ट २००४ रोजी लिहिली. तक्रार काय, तर संगणकाच्या बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा बहुसंख्य आहे, हाच दोष, आणि तो दुरुस्त करायचा आहे! पुढे ३० मे २०१३ रोजी, लोक आता मोबाइल आणि टॅबलेटवर गेले, तिथे वेगळ्या प्रणाली आल्या, असे कारण नोंदवून त्यांनीच ती तक्रार निकाली काढली. टेबलावरच्या संगणकावर मात्र मायक्रोसॉफ्टचे बहुमत तेव्हाही कायम होते. प्रतिवादी जागच्या जागी आणि दावा निकाली, असा हा प्रकार.

लोकांच्या सूचनेत ताकद असते, हे २००७ साली दिसले होते. डेल या संगणक बनवणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी २००७ मध्ये ग्राहकांकडून कल्पना मागवल्या आणि त्यांवर ग्राहकांनीच मते द्यावीत अशी सोय केली. सर्वाधिक पाठिंबा मिळालेल्या मागण्यांत एक मागणी ठळक होती. आम्हाला संगणक विकताना त्यात लिनक्स घालून द्या. त्याच वर्षी मे महिन्यात डेलने उबुंटू घातलेले संगणक अमेरिकेत विकायला काढले. तीन महिन्यांत मागणी मान्य! ज्यांची निवेदने वर्षानुवर्षे 'विचाराधीन' राहतात, त्यांना हे स्वप्नच वाटेल.

हे पाहून उबुंटूवाल्यांनीही फेब्रुवारी २००८ मध्ये 'ब्रेनस्टॉर्म' नावाने तसाच उपक्रम सुरू केला. कुणीही सूचना मांडावी, बाकीच्यांनी बाजूने किंवा विरोधात मत द्यावे, जास्त मतांची सूचना वर यावी. प्रणाली सुधारण्याचे काम मूठभर तज्ज्ञांच्या खोलीतून चावडीवर आले, असे सगळ्यांना वाटले. सूचनांचा पाऊस पडला. पण हळूहळू अडचण ध्यानात आली. मत देणारे हजारो, काम करणारे थोडे. वर आलेली सूचना अमलात आणण्याचे बंधन कुणावरच नव्हते. त्यामुळे सूचना वर येऊन तिथेच बसून राहू लागली. डिसेंबर २०१० मध्ये तांत्रिक मंडळाने पुढाकार घेऊन सर्वाधिक मते मिळालेल्या दहा सूचनांना त्या त्या विषयातल्या जाणकारांकडून उत्तरे देववली. चांगले पाऊल होते. पण उत्साह ओसरत गेला आणि २०१३ साली हा उपक्रम बंद झाला.

या पाच वर्षांचा धडा काय? कायद्यात एक साधे तत्त्व आहे. कुणाच्याही विरुद्ध निर्णय देताना त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, एवढेच पुरत नाही. निर्णयाची कारणेही लिहिली पाहिजेत. त्याला आम्ही सकारण आदेश म्हणतो. 'अर्ज नामंजूर' एवढ्या दोन शब्दांचा आदेश वरच्या न्यायालयात टिकत नाही. सूचनापेटीचेही तसेच आहे. सूचना फेटाळली याचे दुःख नसते. का फेटाळली हे न सांगण्याचा अपमान असतो. ब्रेनस्टॉर्ममध्ये ऐकण्याची सोय होती, उत्तर देण्याचे बंधन नव्हते. म्हणून ते सभागृह न होता नुसते मैदान झाले.

याच काळात एक छोटा पण गुणी उपक्रम झाला. २००९ च्या मध्यावर उबुंटूच्या रचनाकारांनी ठरवले की मोठमोठ्या योजना बाजूला ठेवून शंभर बारीक दोष दुरुस्त करायचे. त्यांनी त्यांना नाव दिले 'पेपर कट्स', म्हणजे कागदाच्या कडेने बोट कापते ना, तसले दोष. जखम मोठी नाही, दवाखान्यात जावे लागत नाही, पण दिवसभर चुरचुरते. चुकीच्या शब्दांत लिहिलेली सूचना, नको तिथे उघडणारी खिडकी, समजायला अवघड असे बटणाचे नाव. अट अशी की दोष सामान्य वापरकर्त्याला जाणवणारा हवा आणि दुरुस्तीला सोपा हवा. यातून बरीच साफसफाई झाली. कारण उघड आहे. मागणी ठोस होती, काम करणारा ठरलेला होता आणि मुदत ठरलेली होती. आपल्या संघटनांनी मागण्यांची लांबलचक जंत्री करण्याआधी या तीन गोष्टी आठवाव्यात.

आता येतो मुख्य प्रसंग. मार्च २०१०. उबुंटूची नवी आवृत्ती एप्रिलमध्ये यायची होती. चाचणीसाठी दिलेल्या आवृत्तीत लोकांनी पाहिले, की खिडकी बंद करण्याची, लहान-मोठी करण्याची बटणे उजवीकडून उचलून डावीकडे नेली आहेत. कुणाला विचारले? कुणालाच नाही. बटणे पुन्हा जागेवर आणा, अशी तक्रार नोंदवहीत आली आणि तिच्याखाली लोकांची रांग लागली. तेव्हा शटलवर्थ यांनी उत्तर दिले. त्याचा आशय असा : ही लोकशाही नाही, चांगला अभिप्राय, चांगली माहिती यांचे स्वागत आहे, पण रचनेच्या निर्णयावर आम्ही मतदान घेत नाही. आवृत्ती २९ एप्रिल २०१० रोजी बाहेर आली. बटणांचा क्रम बदलला होता, बाजू मात्र डावीच राहिली.

'उबुंटू' असे नाव धारण करणाऱ्या प्रणालीच्या प्रमुखाने 'ही लोकशाही नाही' म्हणावे, हे वाचून अनेकांना धक्का बसला. मलाही बसला. पण वकिलाने विरुद्ध बाजूही तपासायची असते. ती तपासली तेव्हा जाणवले, की त्यांच्या बोलण्याचा अर्धा भाग विचार करण्याजोगा आहे.

मोजक्या डोक्यांनी विचारपूर्वक केलेली रचना आणि लाखो लोकांच्या मतांची बेरीज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुमताने सगळे ठरवायचे म्हटले तर अल्पसंख्येचे काय? एक उदाहरण घ्या. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या 'ओर्का'सारख्या प्रोग्रामच्या आधारे. एखाद्या बटणाला आतून नाव दिले नसेल तर डोळसाला ते चित्रावरून कळते, दृष्टिहीनाला मात्र ते कळतच नाही. या दोषाला नाव द्या, अशी त्याची सूचना मतदानाला टाकली तर तिला किती मते पडतील? पार्श्वभूमीला सुंदर चित्रे द्या, या सूचनेपेक्षा नक्कीच कमी. म्हणजे ज्याची गरज सर्वांत मोठी, त्याची मते सर्वांत थोडी. डोकी मोजणे म्हणजे लोकशाही नव्हे, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको. ज्यांच्या पाठीशी संख्या नाही त्यांच्यासाठी हक्क लागतात. मतपेटी त्यांना पुरत नाही.

पण शटलवर्थ यांच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग मान्य होण्यासारखा नाही. मतदान नको, ठीक आहे. मग उत्तरदायित्व कशाचे? ते दोन वर्षांनी दिसले. ऑक्टोबर २०१२ च्या आवृत्तीत, माणूस आपल्याच संगणकात एखादी फाइल शोधू लागला की त्याने टाइप केलेले शब्द कॅनॉनिकलच्या सर्व्हरकडे जाऊ लागले आणि शोधाच्या उत्तरात ॲमेझॉनवरच्या विक्रीच्या वस्तूही दिसू लागल्या. त्या विक्रीतून कंपनीला वाटा मिळणार होता. "यात त्यांचा काय फायदा?" हा माझ्या मित्राचा जुना प्रश्न मला इथे आठवला. लोकांनी आधीच हरकती घेतल्या होत्या. त्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये शटलवर्थ यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा, की आमच्यावर विश्वास नाही म्हणता, पण तुमच्या यंत्राचा सर्वोच्च ताबा तर आधीच आमच्याकडे आहे. प्रामाणिक वाक्य होते, म्हणूनच भयंकर होते. घरमालकाने भाडेकरूला सांगावे, की कुलूप कशाला लावता, दुसरी किल्ली माझ्याकडे आहेच!

इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने हरकत घेतली. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये याला हेरगिरी म्हटले. तरीही ही सोय मुळातच बंद ठेवून द्यायला एप्रिल २०१६ उजाडावे लागले. आणि ती बटणे? २०१७ साली कॅनॉनिकलने आपली स्वतंत्र रचना सोडून दिली, त्या वर्षी ऑक्टोबरच्या आवृत्तीत बटणे उजवीकडे परत आली. साडेसात वर्षे लागली. आपल्याकडचे दिवाणी दावे बरे म्हणायचे!

मोठ्या कंपनीचा अनुभव काय सांगतो? मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आणली आणि डावीकडच्या कोपऱ्यातले स्टार्ट बटण काढून टाकले. सतरा वर्षांची सवय एका फटक्यात मोडली. जगभर ओरड झाली. वर्षभराने विंडोज ८.१ मध्ये बटण परतले, पण त्याचा जुना मेनू आला नाही. तो जुलै २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आला. मधल्या काळात, सप्टेंबर २०१४ मध्ये, कंपनीने 'विंडोज इनसायडर' हा कार्यक्रम सुरू केला, वापरकर्त्यांना तयार होत असलेली आवृत्ती आधी दिली आणि सूचना मागवल्या. आता प्रश्न असा, की बटण परत आणले ते सूचनापेटीने का? सूचनांचा वाटा असेल, पण खरे कारण बाजारात होते. लोक आणि विशेषतः कचेऱ्या विंडोज ७ सोडून हलायलाच तयार झाल्या नाहीत. असहकार हीच सर्वांत मोठ्या अक्षरांतली सूचना ठरली.

दुसरा प्रसंग अलीकडचा आहे आणि वकील म्हणून मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'रिकॉल' नावाची सोय जाहीर केली. नव्या प्रकारच्या संगणकांत दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र टिपून साठवायचे, म्हणजे पूर्वी काय पाहिले होते ते शोधता येईल. आता माझ्या पडद्यावर काय असते? अत्याचारग्रस्त महिलेचा जबाब, साक्षीदाराचा पत्ता, पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट. तिची चित्रे आपोआप साठत जाणार! सुरक्षातज्ज्ञांनी चाचणीची आवृत्ती तपासून दाखवून दिले, की साठवलेली माहिती सहज उपसून काढता येते. जूनच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने जाहीर केले, की ही सोय मुळात बंद राहील, ज्याला हवी त्याने ती सुरू करावी. नंतर तिचे आगमनच लांबवले, आणि सुधारलेल्या रूपात ती एप्रिल २०२५ मध्ये लोकांपर्यंत गेली. इथे तीन आठवड्यांत माघार झाली, कारण हरकत पुराव्यासह होती आणि उघड्यावर होती. पेटीत टाकलेल्या चिठ्ठीला एवढे वजन आले नसते.

तिसरा प्रसंग कायद्याचे बळ दाखवणारा आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चकती आणि नवा प्रोसेसर नसल्याने चांगले चालणारे असंख्य जुने संगणक मागे पडले. आपल्या वस्त्यांतली अभ्यासिका, वसतिगृह, छोटी झेरॉक्सची दुकाने अशा जुन्या किंवा सेकंडहँड यंत्रांवरच चालतात. कंपनीने सुरक्षा-दुरुस्त्यांची एका वर्षाची मुदतवाढ दिली, पण पैसे भरा किंवा आपल्या सेटिंग्ज कंपनीच्या खात्यात साठवा अशा अटी घातल्या. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी त्यांच्याकडच्या कायद्याचा हवाला देऊन हरकत घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांसाठी अटी सैल करून मुदतवाढ विनामूल्य दिली. बाकी जगाला अटी तशाच राहिल्या. यंत्र तेच, कंपनी तीच, अडचण तीच. फरक फक्त दोन गोष्टींचा होता. तिथे संघटना होती आणि संघटनेच्या हातात कायदा होता.

आता आपल्या मराठीकडे येऊ, कारण या पेटीत आपली चिठ्ठीही आहे. माझ्या नावापुढे 'ॲड.' लागते. हे दोन अक्षरांचे बिरूद संगणकात तीन प्रकारे लिहिले गेले आहे. कुणी 'अ'वर चंद्र देतो, कुणी हिंदी वळणाचे 'ऍ' वापरतो, तर कुणी मराठीचे खास 'ॲ' वापरतो. हे खास अक्षर जागतिक लिपीसंहितेत, म्हणजे युनिकोडमध्ये, २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत आले. डोळ्यांना तिन्ही जवळपास सारखीच वाटतात, संगणकाला मात्र ती तीन वेगळी अक्षरे आहेत. परिणामी एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला वकील सापडत नाही. वकिलाची गोष्ट हसण्यावारी नेता येईल. पण यादीत नाव सापडत नाही म्हणून एखाद्याचा लाभ अडकला तर?

तसाच अर्धा 'र'. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत तर पूज्य माणूस आणि स्वयंपाकी एवढे अंतर. हिंदीला या चंद्रकोरीसारख्या 'र'ची गरज नाही, त्यामुळे देवनागरीचा विचार करताना तो सहज विसरला जातो. 'शेतकऱ्यांनी', 'कर्मचाऱ्यांनी' हे शब्द मोडलेल्या रूपात किती ठिकाणी दिसतात ते पाहा. 'ल' आणि 'श' या अक्षरांचेही तेच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने त्यांची मराठी वळणाची रूपे ठरवून दिली, पण बऱ्याच संगणकांवर ती हिंदी वळणाचीच उमटत राहिली. आजच्या फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की रूप बदलावे अशी सोय करता येते आणि काही मुक्त फॉन्टमध्ये ती केलेलीही आहे. म्हणजे अडचण तंत्राची नाही, मागणी लावून धरण्याची आहे.

सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग सांगतो. अपिलाच्या मुदतीचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी. अपिलाचा मसुदा टंकलेखकाने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये तयार केलेला. संध्याकाळी छपाईसाठी तो दुसऱ्या एका दुकानात नेला, तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. तो फॉन्ट त्या संगणकात नव्हता. रात्री दोनपर्यंत बसून सगळे पुन्हा टाइप करून घेतले. पक्षकार शेजारी बाकावर बसून होता. तो एकदाच बोलला, "साहेब, मशीनला मराठी येत नाही का?" विंडोज २००० पासून देवनागरीची सोय होती, पण विंडोज एक्सपीमध्ये ती सेटिंग्जमध्ये जाऊन, प्रसंगी मूळ सीडी घालून, वेगळी सुरू करावी लागे, आणि हे सांगणारे कुणी नव्हते. पुढच्या आवृत्त्यांत ती आपोआप सुरू असू लागली. त्या पक्षकाराच्या प्रश्नाएवढी नेमकी सूचना मी आजवर वाचलेली नाही. पण ती नोंदवली कुणी? मीही नाही. हा दोष माझाच.

सूचना आणि हक्क यांतला फरक शेवटी सांगितला पाहिजे. एप्रिल २०११ मध्ये लिनक्सवरची ग्नोम ही लोकप्रिय पडदारचना तिच्या निर्मात्यांनी पूर्ण बदलली. जुनी ठेवा, ही वापरकर्त्यांची विनंती मान्य झाली नाही. तेव्हा अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुन्या रचनेचा मजकूर घेतला आणि 'माते' या नावाने ती पुढे चालू ठेवली. आजही ती चालते. त्याने कुणाची परवानगी घेतली नाही, कारण ती लागतच नव्हती. त्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातच वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क लिहिलेला आहे. विंडोजमध्ये स्टार्ट बटण परत हवे तर विनंती करावी लागली. इथे हक्क बजावला. मेहेरबानी आणि हक्क यांतला हा फरक आहे. अर्थात हक्क कागदावर असून भागत नाही. तो बजावण्याची कुवत लागते. प्रोग्राम लिहिता येणाऱ्यालाच हा हक्क वापरता येतो. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत, अमेरिकेत आणि आखातात काम करणारी आपली शिकलेली मुले म्हणूनच इथे महत्त्वाची आहेत.

आणि बाकीच्यांनी काय करावे? सूचना करावी, पण ती वकिली पद्धतीने करावी. एका अर्जात एकच मागणी. कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती, हे आधी लिहावे. मग काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने. 'मराठी नीट येत नाही' असे लिहिले तर तो अर्ज मोघम म्हणून पडून राहील. 'कर्मचाऱ्यांनी हा शब्द अमुक फॉन्टमध्ये असा मोडतो' असे लिहिले तर कुणीतरी दुरुस्तीला बसेल. पडद्याचे चित्र जोडताना त्यात कुणाचे नाव, आधार क्रमांक, प्रकरणाचा तपशील जात नाही ना, हे तपासावे. आधीच कुणी तीच तक्रार केली असेल तर नवी न करता तिला दुजोरा द्यावा. विंडोज १० आणि ११ मध्ये यासाठी 'फीडबॅक हब' आहे. उबुंटूची नोंदवही लाँचपॅडवर आहे. युनिकोडकडे अक्षराचा प्रस्ताव कुणीही पाठवू शकतो. आणि आवक क्रमांक जपून ठेवावा, पाठपुरावा करावा. ही सवय आपल्याला नवीन नाही.

एका गावातल्या अभ्यासिकेत दहा मुले बसून एका महिन्यात दहा नेमक्या मराठी सूचना नोंदवू शकतात. त्यांतल्या नऊ फेटाळल्या जातील. एक मान्य झाली तर 'शेतकऱ्यांनी' हा शब्द जगभरच्या संगणकांवर नीट उमटेल. तो बाकावरचा पक्षकार आता हयात नाही. त्याचा प्रश्न मात्र अजून नोंदवायचा राहिला आहे. या रविवारी मी तो नोंदवणार आहे. आपणही एक नोंदवा.